बीपी नॉर्मल होतं, मग ‘शॉककडे चाललाय’ असं डॉक्टर का म्हणाले?

ताई, तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा धाकटा भाऊ, वय २२, तालमीत असतो, वजन ९२ किलो. गावच्या यात्रेवरनं आला आणि रात्रीपासनं उलट्या-जुलाब सुरू, सकाळपर्यंत पंधरा-सोळा वेळा. दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी ११०/९०, नाडी १२८, वजन ८७. डॉक्टर म्हणाले शॉककडे चाललाय, अ‍ॅडमिट करा, आणि दोन्ही हातांना सलाइन लावलं. तुमचे प्रश्न असे की बीपी नॉर्मल असताना शॉक कसला, बारा तास लघवी झाली नाही म्हणजे किडनी गेली का, रात्री पोटऱ्यात गोळे आले म्हणून दुखण्याची गोळी दिली ती चालते का, आणि आता परत मेहनतीला कधी सोडायचं.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. शॉक म्हणजे अंगातल्या अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं, बीपीचा आकडा पडणं ही त्यातली नंतरची गोष्ट. मी गेली २४ वर्षं कोल्हापुरात फिजिशियन म्हणून काम करतोय, त्यातली बरीचशी आयसीयूत गेली, आणि ‘बीपी तर नॉर्मल आहे की’ हे वाक्य नातेवाइकांकडनं जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदा ज्युनियर डॉक्टरांकडनं पण ऐकलंय. मुळात ११०/९० हे नॉर्मल बीपी नाहीच. वरचा आकडा बघून आपण मोकळे होतो, खालच्याकडं कुणी बघत नाही. दोन्हीतला फरक एरवी ४० च्या आसपास असतो, तुमच्या भावाचा होता २०. हा फरक म्हणजे एका ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर ढकलतंय याचा ढोबळ अंदाज. तो निम्म्यावर आला म्हणजे हृदयाकडं परत येणारं रक्तच कमी झालंय, आणि खालचा आकडा ९० वर चढला म्हणजे अंगभरच्या बारीक धमन्या आवळल्या गेल्यात. टाकीतलं पाणी उतरलंय पण पाइप आवळून धरलाय म्हणून प्रेशर तेवढंच दिसतंय, असं समजा. आणि नाडी १२८. तालमीत रोज मेहनत करणाऱ्या पोराची पहाटेची नाडी ५०-५५ असते हो, म्हणजे ही दुप्पटीच्या वर गेली.

आता वजनाचा हिशेब करून बघा, मला तर हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटला आणि तुमच्याकडं तो होता हे नशीब, कारण पैलवान रोज काट्यावर उभे राहतात, बाकीच्या पेशंटचं आदल्या दिवशीचं वजन कुणाला माहीत नसतं. ९२ चे ८७ झाले, एका रात्रीत ५ किलो, ते सगळं पाणी, म्हणजे ५ लिटर. माणसाच्या अंगात किलोमागं साधारण ७० मिली रक्त धरतात, ९२ किलोला झालं ६.४ लिटर. जुलाबातनं जातं ते खारट पाणी, ते मुख्यतः पेशींच्या बाहेर जे पाणी असतं त्यातनं जातं, आणि त्या बाहेरच्या पाण्याचा चौथा हिस्सा रक्तात असतो. म्हणजे ५ लिटरपैकी सव्वा लिटरच्या आसपास रक्तातनं गेले. ६.४ मधनं सव्वा, जवळजवळ २० टक्के. रक्तस्रावाच्या पेशंटला आम्ही जे टप्पे लावतो त्यात १५ टक्क्यांपर्यंत फारसं काही दिसत नाही, रक्तदानाला ३५० किंवा ४५० मिली घेतात ते यातच बसतं म्हणून माणूस चहा-बिस्किट खाऊन घरी जातो. १५ ते ३० टक्क्यांत नाडी शंभराच्या वर जाते, वरखालचा फरक कमी होतो, आणि वरचं बीपी मात्र जागेवर असतं. तीसच्या पुढं बीपी ढासळायला लागतं, चाळीसच्या पुढं जिवावर बेततं. तुमचा भाऊ बरोबर दुसऱ्या टप्प्यात होता, आणि जुलाब थांबलेले नव्हते.

हे मी पुस्तकातनं शिकलो नाही, म्हणजे पुस्तकात होतंच पण डोक्यात शिरलं ते एका रात्री. रेसिडेंट होतो एका मोठ्या हॉस्पिटलात, रात्री अडीचच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळीतल्या एक बाई आल्या, तिशीच्या असतील, दिवसभर जुलाब. बीपी १०६/८८. मी कागदावर ‘बीपी नॉर्मल’ लिहिलं, एक सलाइन सावकाश सोडायला सांगितलं आणि दुसऱ्या पेशंटकडं गेलो. वॉर्डातल्या सिस्टर मागनं आल्या, म्हणाल्या, सर, एकदा हात लावून बघा. मी हात धरला, बोटांपासनं कोपरापर्यंत गार, वर कपाळावर घाम. नख दाबून सोडलं तर पांढरं झालेलं लाल व्हायलाच तयार नाही, खरं तर २ सेकंदांत व्हायला पाहिजे. पाऊण तासात वरचं बीपी ६० वर आलं. त्या वाचल्या, कारण सिस्टरनी तोपर्यंत दुसरी शीर मिळवून ठेवली होती. तेव्हापासनं मी आधी पेशंटचा हात धरतो, मशीन नंतर.

तो हात गार का पडतो हे नीट समजलं की बाकीचं आपोआप समजतं. मानेत दोन्ही बाजूंना जिथं मोठी धमनी दुभागते तिथं, आणि हृदयातनं निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत, ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात, त्यांना बॅरोरिसेप्टर म्हणतात. आपल्या राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे कसे पाण्याच्या पातळीवर आपले आपण उघडतात नि मिटतात, कुणी बटण दाबत नाही, तसंच. धमनीची भिंत ताणलेली असते तोवर ही टोकं मेंदूच्या बुडाशी सारखा निरोप पाठवत राहतात की सगळं ठीक आहे, आणि त्या निरोपामुळं सिम्पथेटिक नसांवर, म्हणजे संकटात शरीराला आपोआप कामाला लावणाऱ्या नसांवर, ब्रेक लागलेला असतो. रक्त कमी झालं की भिंतीचा ताण कमी, निरोप विरळ, ब्रेक सुटला. हे एक-दोन ठोक्यांत होतं. मग सिम्पथेटिक नसांच्या टोकांतनं नॉरअ‍ॅड्रेनालिन सुटतं, ते हृदयाला पळवतं आणि कातडी, आतडी, किडनी, स्नायू यांच्या बारीक धमन्या आवळतं. कातडीत रक्त जाईना, म्हणून हात गार, चेहरा पांढरा. घाम ग्रंथींनाही याच सिम्पथेटिकच्या नसा जातात, म्हणून गार अंगावर घाम फुटतो. उन्हाच्या घामात अंग गरम असतं, हा घाम वेगळा, हा दिसला की मी धावतो.

आणि शिरा. एरवी अंगातलं जवळजवळ दोन तृतीयांश रक्त शिरांमध्ये आरामात पसरून असतं, ती आपली साठवण आहे. नॉरअ‍ॅड्रेनालिन शिरासुद्धा आवळतं, विशेषतः पोटातल्या, आणि तिथलं रक्त हृदयाकडं ढकलतं. तुम्ही लिहिलंय ना की एवढा दांडगा पैलवान, दंडावर शिरा टरटरलेल्या असायच्या आणि सिस्टरांना तीन वेळा टोचूनही शीर सापडेना, तुम्हाला वाटलं त्यांना येत नाही. ताई, त्यांचा दोष नव्हता. त्या शिरा आत ओढल्या गेल्या होत्या, तेच रक्त त्याच्या मेंदूला जात होतं.

उन्हाळ्यात पंचगंगा नि भोगावतीवर उपसाबंदी लागते ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. नदीत पाणी कमी उरलं की शेतीचे पंप काही दिवस बंद, पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही. शरीर डिट्टो हेच करतं. आरामात असताना हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फेकतं, त्यातलं सव्वा लिटरभर आतडी नि लिव्हरकडं जातं, लिटरभराच्या वर दोन किडन्यांकडं. उपसाबंदी इथंच बसते. मेंदू आणि हृदय सोडलेले. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर सिम्पथेटिकचा हुकूम फारसा चालत नाही, उलट प्रेशर कमी झालं की त्या स्वतःहून सैल होतात, आणि हृदय जास्त राबायला लागलं की त्याच्या स्नायूत जे पदार्थ तयार होतात, अ‍ॅडेनोसिन वगैरे, तेच त्याच्या धमन्या उघडतात. म्हणून तुमचा भाऊ तुमच्याशी नीट बोलत होता, ‘मला काय झालं नाही’ म्हणत होता. पण वरच्या-खालच्या आकड्यांमधलं सरासरी प्रेशर ६० च्या खाली गेलं की मेंदूचंही भागत नाही, मग माणूस बरळतो, कपडे ओढतो, झोपाळतो, आणि तिथवर वाट बघायची नसते. उपसाबंदी लांबली की ऊस वाळतो, तसं इथं आतड्याचं आतलं अस्तर खराब व्हायला लागतं, किडनीच्या नळ्या मरायला लागतात, स्नायूंत लॅक्टेट, म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्यावर तयार होणारा पदार्थ, साठतं. बीपीचा वरचा आकडा यातलं काहीही दाखवत नाही.

नसांचं काम सेकंदांचं, हार्मोन्सचं मिनिटांपासनं तासांचं. पहिलं येतं अ‍ॅड्रेनालिन, किडनीवर टोपीसारखी बसलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते तिच्या गाभ्यातनं, सिम्पथेटिक नसच तिला सोडायला लावते. छातीत धडधड, हातांना कंप, जीव घाबरा, हे सगळं त्याचं. त्यापाठोपाठ किडनी. किडनीकडं रक्त कमी आलं, सिम्पथेटिकचा हुकूम आला, आणि नळीतनं मीठ कमी वाहायला लागलं, या तीनपैकी काहीही झालं की ती रेनिन सोडते. १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेड आणि बर्गमन या दोघांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि बीपी चढलं, तिथं रेनिनचा शोध लागला, म्हणजे लघवी करणारा अवयव बीपीही चालवतो हे तेव्हा समजलं. रेनिनमुळं लिव्हरच्या एका प्रोटीनपासनं अँजिओटेन्सिन वन बनतं, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतलं एन्झाइम त्याचं अँजिओटेन्सिन टू करतं, आणि हा टू मोठा कामाचा. तो धमन्या जोरात आवळतो, मेंदूत तहान लावतो, आणि अ‍ॅड्रिनलच्या वरच्या थरातनं अल्डोस्टेरॉन काढून घेतो. अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं मीठ सोडू नको, पण त्याला पेशीत नवी प्रोटीनं बनवायला लावायची असतात म्हणून त्याचा गुण यायला तास लागतात.

उरलं व्हॅसोप्रेसिन. हे मेंदूच्या खालच्या बाजूला लटकलेल्या पिट्यूटरीच्या मागच्या भागातनं सुटतं. एरवी त्याचं लक्ष रक्ताच्या दाटपणावर असतं, दाटपणा १-२ टक्के वाढला तरी सुटतं. रक्ताचं प्रमाण कमी होण्याकडं मात्र ते आधी दुर्लक्ष करतं, साधारण १० टक्के गेलं की मग खडबडून जागं होतं, आणि एकदा जागं झालं की दाटपणा बिटपणा काही बघत नाही, किडनीतनं मिळेल तेवढं पाणी परत ओढतं आणि धमन्याही आवळतं. यातच एक धोका लपलाय. जुलाबात मीठ गेलेलं असतं, आणि घरचे नुसतं पाणी पाजत राहतात, चांगल्या मनानंच. व्हॅसोप्रेसिन ते पाणी आत अडवून ठेवतं, मीठ तर आलेलंच नाही, मग रक्तातलं सोडियम घसरतं. माणूस ग्लानीत जातो, कधी झटके येतात. पाणी द्याच, पण ओआरएसचं.

लघवीचं उत्तर आता तुम्हालाच देता येईल. बारा तास लघवी नाही याला किडनी गेली म्हणत नाहीत, किडनी तेव्हा थेंब न् थेंब वाचवत होती. अल्डोस्टेरॉन मीठ धरतंय, व्हॅसोप्रेसिन पाणी धरतंय, येणारं रक्तच निम्मं, लघवी कुठनं होणार? मोठ्या माणसाला किलोमागं तासाला अर्धा मिली तरी लघवी व्हायला पाहिजे, तुमच्या भावाला म्हणजे ४५ मिलीच्या आसपास. सलाइन चढल्यावर पहिली लघवी झाली ती गडद, चहाच्या रंगाची, मग हळूहळू फिकी होत गेली असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून मला बरं वाटलं. आयसीयूत मी रक्त पुरेसं पोचतंय का हे मॉनिटरपेक्षा लघवीच्या पिशवीवर जास्त बघतो. तरी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, एकदा केली असेलच, आठवड्यानं परत एकदा बघा, कारण पुढचा मुद्दा.

दुखण्याची गोळी. हे मात्र चुकलं ताई, आणि हे घरोघर चुकतं म्हणून सविस्तर सांगतो. किडनीच्या प्रत्येक गाळणीला एक आत येणारी बारीक धमनी आणि एक बाहेर जाणारी. रक्त कमी असताना किडनी काय करते, अँजिओटेन्सिन टू वापरून बाहेरची आवळते आणि प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ बनवून आतली उघडी ठेवते, म्हणजे थोडक्या रक्तातही गाळणीत प्रेशर राहतं. डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन, असॅक्लोफिनॅक या गोळ्या प्रोस्टाग्लँडिनच बंद करतात. म्हणजे उपसाबंदीत जी एक मोट चालू ठेवली होती तिचाही दोर कापला. एका गोळीनं तरण्या पोराचं सहसा निभावतं, पण जुलाब, उन्हाचा त्रास, रक्तस्राव यांत या गोळ्या द्यायच्याच नाहीत. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल द्या, आणि पोटरीच्या गोळ्याला ओआरएस नि हलका ताण.

याच कारणानं तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बघा. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल असल्या बीपीच्या गोळ्या अँजिओटेन्सिनचं काम अडवतात, एरवी ते चांगलंच आहे, पण भरपूर जुलाब चालू असताना शरीर ज्याच्यावर लटकलंय तोच दोर ती गोळी सोडवते. लघवी वाढवणाऱ्या गोळीचंही तेच. अशा दिवशी डॉक्टरांना फोन करून त्या एक-दोन दिवस थांबवायच्या का विचारा, आपल्या मनानं बंद करू नका आणि न विचारता चालूही ठेवू नका. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या नाडी संथ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळं ‘पल्स ८० आहे, चांगली आहे’ हे त्यांच्या बाबतीत फसवं. जुन्या डायबेटीसमध्ये कधी कधी सिम्पथेटिकच्या नसाच अधू झालेल्या असतात, असा माणूस उठून उभा राहिला की थेट कोसळतो. वय झालं की तहानही कमी लागते. आणि लहान मुलं याच्या बरोबर उलटी, त्यांच्या धमन्या इतक्या घट्ट आवळतात की बीपी शेवटपर्यंत छान राहतं आणि मग एकदम जातं, म्हणून पोराचे डोळे खोल गेले, पोटाला चिमटा काढल्यावर घडी तशीच राहिली, रडताना पाणी येईना, की बीपीची वाट न बघता उचलायचं.

सलाइनच का, ओआरएस का नाही, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. ओआरएस हे माझ्या मते गेल्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या औषधांपैकी एक आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रमातनं वाटलं, नातेवाइकांनी कपानं पाजलं, आणि तिथली मृत्यूंची टक्केवारी तिसाच्या आसपास होती ती चारच्या खाली आली. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून आत जातात आणि पाणी त्यांच्यामागं, जुलाब चालू असतानाही ती वाट शाबूत असते, त्यावर हे सगळं उभं आहे. प्रमाण बिघडलं की गुण जातो, म्हणून पाकीट १ लिटरचं असेल तर पूर्ण १ लिटरमध्येच, आणि खोक्यातली गोड सरबतं, कोल्ड्रिंक, थंडाई याला पर्याय नाहीत, जास्तीची साखर उलट पाणी आतड्यात ओढते. पण तुमच्या भावाला उलट्या थांबत नव्हत्या, आणि आतड्याचं रक्त उपसाबंदीत अडकलेलं, तोंडानं देऊन वेळेत भरलं नसतं. म्हणून आधी शिरेतनं रिंगर लॅक्टेट हे क्षारांचं सलाइन भराभर, नाडी खाली आली, हात गरम झाले की मग ओआरएस. तुम्ही डिस्चार्ज पेपर पाठवलाय त्यात हेच केलेलं दिसतंय.

आता तालमीचं. त्याला घाई असणार, मैदान जवळ आलंय असं लिहिलंय. आधी साधी तपासणी घरी करा. पाच मिनिटं आडवा झोपवून नाडी मोजा, मग उभा करून एक मिनिटानं परत मोजा. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांत उतरतं, अंगात पाणी पुरेसं असेल तर बॅरोरिसेप्टर ते सहज सांभाळतात. नाडी ३० नं किंवा जास्त वाढली, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर अजून भरून निघालेलं नाही. वजन काट्यावर ९२ च्या आसपास आलं पाहिजे आणि पहाटे उठल्याउठल्या मोजलेली नाडी त्याच्या नेहमीच्या ५०-५५ ला सलग तीन दिवस टेकली पाहिजे, मग हलकी मेहनत, लढत त्यानंतर. आणि वजनगटात बसायला स्वेटरवर रबरी जॅकेट चढवून उन्हात पळायचं हे यंदा तरी नाही. उन्हात कातडीला अंग थंड करायला रक्त पाहिजे असतं, मेहनतीत स्नायूंना पाहिजे असतं, आणि पाणी कमी असलं की नॉरअ‍ॅड्रेनालिन कातडीचं रक्त तोडतं, मग उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही, ताप १०४-१०५ च्या पुढं जातो. असे पैलवान मी बघितलेत, सगळे वाचले नाहीत. वस्तादांशी तुम्ही बोलायला संकोचत असाल तर त्यांना माझ्याकडं पाठवा, सकाळी अकरापर्यंत मी असतो, काट्यावरचे आकडे नि नाडीचा कागद तेवढा बरोबर द्या.